भोगवटादारांचा इतिहास

नंदुरबारच्या जुन्या गावात, माणिक चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका गल्लीत दोन खणांचं घर आहे. पुढे ओटा, ओट्याला तीन पायऱ्या. सागाची चौकट इतकी बुटकी की उंच माणूस वाकल्याशिवाय आत येत नाही. पुढची खोली, माजघर, सैपाकघर, मग परसाचं दार, सगळं एका ओळीत. ओट्यावर उभं राहिलं की थेट परसातला उजेड दिसतो. माझ्या आजोबांनी ते घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. गल्लीतले म्हातारे त्याला राणीच्या राज्यातलं घर म्हणत. मी तिथे वाढले. या घराला इतिहास असेल हे कित्येक वर्षं माझ्या मनातही आलं नाही. इतिहास म्हणजे आमच्यासाठी चौकातलं हुतात्मा स्मारक आणि शाळेच्या पुस्तकातली इब्न बतूताची नंदुरबारभेट. घरात नुसतं राहायचं असतं, अशीच समजूत होती.

घरांच्या इतिहासाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना लिहिताना ते घर सतत डोळ्यांपुढे आहे. हा अभ्यास काय आहे, आपल्याकडे तो कसा करता येतो आणि कुठे अडतो, हे त्याच्याच आधाराने सांगते. विषय सोपा नाही, पण दार उघडं आहे. पदवी नसली तरी चालेल. मोडी वाचायची तयारी, म्हाताऱ्या माणसांजवळ तासन् तास बसायची सवय आणि लांबी मोजायचा टेप एवढं पुरतं.

एकच घर घ्यायचं, त्याच्या जोत्यापासून आजच्या दिवसापर्यंत त्यात कोण राहिलं, कसं राहिलं, घर कसकसं बदललं ते लावत जायचं, असा हा अभ्यास. वाड्यांचे इतिहास आपल्याकडे लिहिले गेले, कारण वाड्यांना दप्तर होतं. सरदारांच्या, देशमुखांच्या, सावकारांच्या घरी कागद जपले जात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हयातभर गावोगाव हिंडून हेच कागद मिळवले. ते 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. खान्देशातल्या कुठल्याही जुन्या गोष्टीचा शोध आजही त्या दारावरून जातो. पण कासाराचं, शिंप्याचं, भाड्याने राहणाऱ्या मुनिमाचं किंवा रोशा गवताचं तेल काढणाऱ्याचं घर दप्तर ठेवत नव्हतं. त्या घरांची विटमाती आता झपाट्याने उतरते आहे. जुन्या गावात दर उन्हाळ्यात एखादं तरी घर पडतं आणि त्याच्या जागी तीन मजल्यांचं सिमेंटचं बांधकाम चढतं. नवं घर बांधणाऱ्यांना मी दोष देत नाही. गळक्या धाब्याखाली पावसाळे काढलेल्या माणसाला पक्क्या छताचं मोल ठाऊक असतं. घर उतरण्याआधी कुणीतरी ते मोजावं, लिहून ठेवावं, एवढीच माझी तळमळ आहे.

परदेशांत अशी लहान घरं वाचवून, त्यातल्या रहिवाशांचा शोध घेऊन लोकांसाठी खुली केली आहेत. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर 1863 साली बांधलेली 97 क्रमांकाची चाळवजा इमारत आज संग्रहालय आहे. तिथल्या खोल्यांतून कोणकोणती स्थलांतरित कुटुंबं राहिली ते माणसागणिक सांगितलं जातं. बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या कामगारांच्या घरांचा एक चौक तसाच जपला आहे. पण तिकडची रीत जशीच्या तशी इथे आणली तर पहिल्याच पावलाला ठेच लागते. इंग्लंडात 1841 पासूनच्या बहुतेक शिरगणत्यांचे घरोघरचे तक्ते जपलेले आहेत. अमुक रात्री अमुक घरात कोण झोपलं होतं, त्याचं वय काय, धंदा काय, ते वाचता येतं. आपल्याकडेही 1872 पासून शिरगणती झाली, गणनेचे लोक आमच्या गल्लीतही आले असणार. मात्र आपले तक्ते बेरजा झाल्यावर जपले गेले नाहीत. उरले ते तालुक्यांचे आणि जातींचे आकडे. माणसं गेली. म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटेने जावं लागतं.

त्या वाटेवरचा पहिला थांबा नगर भूमापन कार्यालय. तिथे मिळकत पत्रिका मिळते. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, सत्ता प्रकार आणि एकाखाली एक धारकांची नावं. एक धारक गेला, दुसरा आला की आधीच्या नावाला कंस पडतो. कंसातली नावं खालून वर वाचत गेलं की घर मागे मागे जाऊ लागतं. पत्रिका जिथे थांबते तिथून खरेदीखतं सुरू होतात. दस्त नोंदणीचा कायदा 1860 च्या दशकात आला, त्यामुळे राणीच्या राज्यातल्या घराचा एखादा तरी नोंदलेला कागद सापडण्याची आशा असते. नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन मिळकतीनुसार लावलेली असते, ती आधी पाहावी.

खरेदीखतात माझा सगळ्यात आवडता भाग चतुःसीमेचा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचा वाडा, दक्षिणेस सरकारी बोळ, उत्तरेस रस्ता. प्रत्येक कागद स्वतःच्या घराबरोबर चार शेजाऱ्यांचीही नोंद करून ठेवतो. तुमच्या घराचे कागद वाळवीने खाल्ले असले तरी पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या खतात, त्याच्या पश्चिमेला, तुमच्या घरातला त्या वेळचा माणूस उभा असतो. मी एकदा सहा घरांच्या चतुःसीमा एकमेकींना जोडल्या तेव्हा कागदावर अर्धी गल्ली उभी राहिली. म्हणून नवख्यांना मी सांगते, एकाच घराचा इतिहास लिहायचा असला तरी कागद सहा घरांचे गोळा करा.

कागद शोधताना जिल्ह्याचा जन्मही ध्यानात ठेवावा लागतो. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधी हा धुळे जिल्हा, त्याआधी पश्चिम खान्देश, आणि 1906 पूर्वी नुसता खान्देश. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा या मुलखातली काही गावं गुजरातेत गेली. दप्तरं त्या त्या वेळी कुठे ठेवली गेली, त्याप्रमाणे कागदाला धुळ्यात, नाशकात, कधी सुरतेकडे शोधावं लागतं. लिपीही एक नाही. मराठी खतं मोडीत, व्यापाऱ्यांचे चोपडे गुजरातीत. दोन्ही लिप्या जाणणारा अभ्यासक नंदुरबारला फार हवा आहे. या गावाने दोन भाषा, खरं तर अहिराणी, गुजरी आणि भिलीच्या बोली धरल्या तर कितीतरी भाषा, एका गल्लीत नांदवल्या आहेत. 9 सप्टेंबर 1942 ला माणिक चौकात चले जाव चळवळीतल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही मुलं पडली. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. त्यांची आडनावं सलग वाचली की त्या काळच्या गल्ल्यांची वस्ती समजते. ती पोरं अशाच ओट्यांवरून उतरून मोर्चात गेली होती.

एवढे कागद जमले की नवखा अभ्यासक खूश होतो आणि धारकांची वंशावळ लिहून मोकळा होतो. माझंही सुरुवातीला तसंच झालं. सुंदर, सलग साखळी तयार झाली. मग एक दिवस पालिकेच्या घरपट्टीच्या रजिस्टरचं पान समोर आलं. त्यात दोन रकाने असतात, एक मालकाचा आणि दुसरा भोगवटादाराचा. आमच्या घराच्या ओळीत दोन्ही रकान्यांतली नावं वेगळी होती. मालक गावात राहतच नव्हता. घरात राहत होतं दुसरंच कुटुंब, जे माझ्या सुरेख साखळीत कुठेच नव्हतं. मी जे लिहिलं होतं ते घराच्या मालकीचं झालं होतं. घराचं लिहायचं बाकीच होतं.

तेव्हापासून या अभ्यासाला मी मनाशी भोगवटादारांचा इतिहास म्हणते. हा शब्द सरकारी आहे, रुक्ष आहे, पण त्याच्या पोटात भोगणं आहे. ज्यांनी त्या भिंतींतला उन्हाळा भोगला, पाणी भरलं, बाळंतपणं केली, आजारपणं काढली, ते भोगवटादार. त्यांचे माग घरपट्टीच्या रजिस्टरात, भाडेपावत्यांत, विजेच्या बिलांत, रेशनकार्डांत, घरक्रमांकाने लावलेल्या मतदार याद्यांत आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतात. शाळेचं रजिस्टर कुणी मनावर घेत नाही, पण तिथे पालकाचा धंदा असतो, मुलाचं जन्मगाव असतं आणि शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं असतं. जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात. 1918 ची मानमोडीची साथ बघायची असेल तर ते बुक उघडावं. एकाच घरातल्या नोंदी एकाखाली एक लागलेल्या दिसतात तेव्हा पुढे वाचवत नाही.

आणि बायका. माझ्या फुईचं, म्हणजे आत्याचं, नाव आमच्या घराच्या सगळ्या कागदांत मिळून एकदाच येतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिची नोंद झाली आणि पाठोपाठ हक्कसोड पत्र झालं. त्या पत्राखाली तिचा अंगठा आहे. तिला सही येत होती, तरी अंगठा आहे, कारण कुणी तिच्यापुढे पेन केलं नाही. ज्या घरात ती जन्मली, जिथे दोन बाळंतपणांना आली, नवरा गेल्यावर जिथे पुन्हा राहायला आली, त्या घराच्या कागदात ती आली ती हक्क सोडण्यापुरती. मी पुढे जितकी घरं तपासली त्यातल्या बहुतेकांत बहिणींची नावं अशीच, हक्कसोडीच्या दिवशी, उगवून मावळलेली दिसली. कागदांवर भिस्त ठेवली तर या घरांत फक्त पुरुष राहत होते असा इतिहास तयार होतो.

म्हणून कागद बाजूला ठेवून घर वाचायला शिकावं लागतं. खान्देशातलं जुनं घर बहुधा धाब्याचं. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर खारी टाकायची, कारण त्या मातीतून पाणी झिरपत नाही. घराची रुंदी फुटांत कुणी सांगत नसे, खणांत सांगत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. साग सातपुड्यातला. 1900 च्या सुमारास सुरत ते अमळनेर तापी व्हॅली रेल्वे पुरी झाली आणि घरांवर नवीन सामान दिसू लागलं, लोखंडी गर्डर, पत्रे, मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला होता. कौल उलटं केलं की पोटाला कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. इथे एक सावधगिरी. कौलावरून छपराचं वय कळतं, घराचं नव्हे. तुळईवरून तर तेवढंही कळत नाही, कारण साग कधी वाया जात नसे. आमच्या माजघराच्या एका तुळईला मध्येच खोबण्या आहेत, ज्यांचा त्या खोलीत काही उपयोग नाही. ती आधी दुसऱ्याच घरात होती.

भिंतीच्या पोपड्यात चुन्याचे थर मोजता येतात. दिवाळीला एक हात चुना, कधी त्यात नीळ, कधी गेरूचा पट्टा. खाली पांढऱ्या मातीचा गिलावा, शेणमातीचं सारवण. देवळीच्या वरच्या अंगाला काजळीचा काळा ओघळ असतो. वीज आल्यावर त्यावर रंग बसला, पण काजळी रंगातून पुन्हा वर येते. प्लेगच्या वर्षांत, 1896 नंतर, मुंबई इलाख्यात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहत आणि सरकारी माणसं उजेड यावा म्हणून छपरं उघडत. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, कित्येक घरांची दारं-चौकटीसुद्धा विकली गेली असं म्हातारे सांगत. असं ऐकलं की चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा बघावा. चौकट मागाहून बसवली असेल तर भोवतीची वीट वेगळी निघते.

परसाकडे मात्र सावकाश जावं. आमच्या परसाच्या मागे एक अरुंद बोळ होता. आता तो दोन्हीकडच्या घरांनी आत घेतला आहे. जुन्या शहरांतल्या घरांना टोपलीचे संडास होते आणि त्या बोळातून सफाईचं काम करणारी माणसं रोज येत. त्यांनी आमच्या घराची सेवा पिढ्यान् पिढ्या केली आणि त्या घराचं पुढचं दार त्यांच्यासाठी कधी उघडलं नाही. कोणी ओट्यापर्यंत यायचं, कोणी ओसरीत, कोणी माजघरात, याची आखणी जातीने केलेली होती आणि घराचा नकाशा त्या आखणीवर बेतलेला होता. जो अभ्यासक घराचा आराखडा काढताना मागचा बोळ दाखवत नाही, त्याने अर्धं घर दाखवलं असं मी समजते. हे लिहिताना लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

इथवर मी गावठाणातल्या घराबद्दल बोलले. पण या जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून जास्त लोक आदिवासी आहेत, आणि अक्राणीच्या डोंगरात गेलं की आपली सगळी रीत पुन्हा तपासावी लागते. भिल्ल-पावरा पाड्यांवरचं घर लाकडाचं, बांबूच्या कुडाचं. ते उतरवता येतं, हलवता येतं, दुसऱ्या टेकाडावर पुन्हा उभं करता येतं. शहरात जागा तीच राहते आणि माणसं बदलतात. डोंगरात माणसं तीच राहतात आणि जागा बदलते. मग एकच घर म्हणजे काय? भूमापन क्रमांक, की खांब, की चूल? सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं गेली. लोक तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आले तेव्हा अनेकांनी घरांचं लाकूड बरोबर आणलं. त्या खांबांची मूळ जागा पाण्याखाली आहे आणि इतिहास वसाहतीत उभा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी तर घराला, झोपडीला आणि वृद्धांच्या लिहून घेतलेल्या जबाबाला पुरावा मानलं. म्हणजे एखाद्या आजोबांनी सांगितलेला घराचा इतिहास इथे जमिनीचा हक्क मिळवून देऊ शकतो. हा अभ्यास नुसत्या हौसेचा नाही, हे नंदुरबारात जितकं पटतं तितकं दुसरीकडे क्वचितच पटेल.

नव्याने येणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. कुणाच्या घरी पहिल्या दिवशी कागद मागू नका. भाऊबंदकीत पोळलेल्या माणसाला कागद मागणारा पाहुणा म्हणजे नवा दावेदार वाटतो. आधी ओट्यावर बसा, पाणी प्या, घर कोणी सारवायचं ते विचारा. दुसरं, जे ऐकाल त्यातलं सगळं छापायचं नसतं. कोणत्या खोलीत कोण कशाने गेलं हे राहत्या कुटुंबाला विचारल्याशिवाय लिहू नये.

बायकांच्या बाबतीत मात्र ऐकण्याखेरीज दुसरा मार्गच नाही. खान्देशातल्याच जळगावात, जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात, कवयित्री बहिणाबाई राहिल्या. त्या 1951 मध्ये गेल्या. लिहिता-वाचता येत नसलेल्या या बाईने घरोट, म्हणजे जातं, ओढताना, चुलीपुढे बसून जे रचलं ते मुलाने आणि भाच्याने टिपून घेतलं, 1952 मध्ये पुस्तक झालं आणि एका घरातला सगळा भोगवटा मराठीला मिळाला. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. कुठल्याही नोंदणी कार्यालयात नाही इतका घरांचा इतिहास त्या ओव्यांत आहे.

आमच्या घराचा नकाशा मी दोनदा काढला होता. तिसऱ्यांदा काढायला बसले तेव्हा फुई आली होती. ऐंशी ओलांडलेली, एका डोळ्याने दिसत नाही. माजघरात आता शहाबादी फरशी आहे, कपाट आहे, फ्रीज आहे. मी विचारलं, फुई, जुन्या वेळी इथे काय काय होतं? ती काही बोलली नाही. भिंतीला हात लावत लावत कपाटापर्यंत गेली, तिथून अंधुक उजेडाच्या परसदाराकडे तोंड केलं, दोन पावलं मागे सरकली आणि खाली बसली. उजवा पाय लांब केला, डावा दुमडला, आणि मोकळा हात फरशीवर गोल फिरवला.

‘आठे व्हता घरोट,’ ती म्हणाली. ‘दळताना परसाकडलं उजाडतं दिसे.’

मी टेप काढला. भिंतीपासून दोन फूट चार इंच, दाराच्या नेमकं समोर.